आजेसासूबाईंच्या माहेरचे कागद

माझ्या नवऱ्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंना, मे २०२४ मध्ये हंगेरीचं नागरिकत्व प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर सासूबाईंचं आलं, मग नवऱ्याचं, आणि त्यानंतरच्या फेब्रुवारीत आमच्या लेकीचं. या कामाला हात घातला होता नोव्हेंबर २०२२ मध्ये. आमच्या घरी फायली, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो हे खातं माझ्याकडे असल्यामुळे हेही माझ्याच गळ्यात पडलं. त्या काळात इंग्रजीत बरंच वाचायला मिळालं, पण सांगलीचा विवाह दाखला बुडापेस्टच्या दप्तरात कसा पोचवायचा, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. परदेशात लग्न झालेल्या आणि सासरची मुळं पूर्व युरोपात असलेल्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते. नियम बदलत राहतात, तेव्हा कुठलाही अर्ज भरण्याआधी त्या देशाच्या कॉन्सुलेटला (वाणिज्य दूतावासाला) ईमेल टाकून विचारा.

आधी आजींबद्दल. जन्म १९३७ चा, हंगेरीच्या वायव्य कोपऱ्यातल्या मोशोनमग्यारोवार या गावचा. ऑस्ट्रियाची सरहद्द तिथून अगदी जवळ. १९५६ साली, सोव्हिएत सत्तेविरुद्धचा उठाव चिरडला गेला तेव्हा, एकोणिसाव्या वर्षी त्या देश सोडून निघाल्या आणि त्याच हिवाळ्यात कॅनडात उतरल्या. टोरंटोच्या स्पडायना अव्हेन्यूवर तेव्हा कपडे शिवणारे कारखाने ओळीने होते, तिथे मशीनवर बसल्या. १९६० मध्ये स्कॉटिश घराण्यातल्या, रेल्वेत नोकरी करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. १९६२ मध्ये माझ्या सासूबाई झाल्या. पुढे आजोबांच्या पाठीला कामावर दुखापत झाली, तेव्हा काही वर्षं घर आजींच्या शिलाईवर चाललं. दिवसा कारखाना आणि रात्री घरी तुकड्यावर काम. हे मला सासूबाईंनी सांगितलं. आजींना विचारलं तर म्हणतात, "मशीन चांगली होती."

मी लग्न होऊन आले तेव्हा भारताबद्दल त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: कोरोशी चोमा शांडोर दार्जिलिंगला गेला आणि तिथेच वारला. तिबेटी भाषेचा कोश करणारा हा हंगेरियन विद्वान १८४२ मध्ये दार्जिलिंगला मलेरियाने गेला, त्याची कबर अजून तिथे आहे. हंगेरीत शाळेतल्या पोरांना तो माहीत असतो. मला नव्हता. "तुझ्या गावापासून लांब आहे का?" असं त्यांनी विचारलं आणि मी सांगली ते दार्जिलिंग अंतर सांगितल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वास थोडा कमी झाला.

तर नोव्हेंबर २०२२. चर्चमधल्या एका मैत्रिणीने आजींना सांगितलं की ५६ साली निघून गेलेल्यांचं हंगेरियन नागरिकत्व मुळात गेलेलंच नाही. आजींनी घरी येऊन जाहीर केलं की मला हे लेखी हवं. १९५६ नंतर त्यांच्याकडे हंगेरीचा कुठलाही कागद नव्हता. १९६३ च्या माफीनंतर निर्वासितांना भेटीसाठी जाता येऊ लागलं, तशा त्याही १९७२ मध्ये आजारी आईला बघायला गेल्या, पण कॅनडाच्या पासपोर्टवर, व्हिसा काढून. स्वतःच्या गल्लीत परकी म्हणून राहिल्याचा राग त्यांच्या मनात पन्नास वर्षं होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

माझा आधी विश्वास बसेना. मी २०१९ मध्ये कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तेव्हा भारताचं त्याच क्षणी संपलं. पासपोर्ट जमा करून त्याचा दाखला घेतला, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. आपल्याकडे १९५५ च्या कायद्याचं नववं कलम तसंच सांगतं. त्यामुळे दुसऱ्या देशाची शपथ घेऊनही पहिलं नागरिकत्व शाबूत राहतं, ही कल्पनाच डोक्यात शिरायला वेळ लागला. आजींना मी आपला नियम सांगितला तर त्या म्हणाल्या, "मग तुमच्या देशाला कशाची भीती वाटते?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता कायद्याचं थोडं, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. इंटरनेटवर 'आजी-आजोबा हंगेरियन असतील तर नागरिकत्व' असं शोधलं की २०११ पासून सुरू झालेली सुलभ नागरिकत्वाची योजना समोर येते. तिच्यासाठी हंगेरियन भाषा यावी लागते, मुलाखत त्याच भाषेत होते. नवऱ्याने घाबरून मोबाइलवर हंगेरियनचे धडे सुरूही केले होते. पण ती वाट ज्यांचं घराण्यातलं नागरिकत्व मध्येच कुठेतरी तुटलं त्यांच्यासाठी आहे. उदाहरणार्थ, १ सप्टेंबर १९२९ च्या आधीच्या काळात दहा वर्षं देशाबाहेर राहिलं की नागरिकत्व जात असे, त्यामुळे खाणीत किंवा शेतीवर काम करायला अमेरिकेत गेलेल्यांची नातवंडं बहुधा त्या योजनेत येतात. ५६ च्या निर्वासितांचं तसं नाही. आणि १ ऑक्टोबर १९५७ पासून लागू झालेल्या कायद्याने मूल आईकडूनही नागरिक ठरतं, बाप परदेशी असला तरी. सासूबाईंचा जन्म १९६२ चा. म्हणजे त्या जन्मापासून हंगेरियन, त्यांचा मुलगा जन्मापासून हंगेरियन आणि माझी लेकही. कुणाला काही नव्याने मिळवायचं नव्हतं, होतं ते सिद्ध करायचं होतं. भाषेची परीक्षा नाही, शपथ नाही, प्रमाणपत्राला फीसुद्धा नाही. खर्च होतो तो सगळा त्याच्या भोवतालच्या कागदांवर.

अर्ज हातात घेतला आणि पहिल्याच पानावर अडलो. हंगेरीत माणसाची ओळख चार गोष्टींनी पटते: जन्मनाव, जन्मस्थळ, जन्मतारीख आणि आईचं जन्मनाव. बापाचं नाव त्यामानाने दुय्यम. शिवाय अर्जदाराच्या आईवडिलांची आणि आजीआजोबांचीही माहिती लागते, लग्न कुठे आणि कधी झालं, हंगेरीतला शेवटचा पत्ता काय, देश कधी सोडला. सासूबाईंच्या अर्जात हे सगळं आजींबद्दल भरायचं होतं. आणि आजी ५६ सालाबद्दल बोलत नसत. नवरा पस्तिशीला आला, त्याला एवढंच माहीत होतं की आजी 'चालत आली'.

डिसेंबरात नाताळाच्या आधी त्यांच्याकडे बेयग्ली करायला मी आणि नवरा गेलो. ही खसखशीचं सारण भरलेली गुंडाळी, हंगेरियन घरात नाताळाला हवीच. आजींकडे खसखस दळायचं लोखंडी यंत्र आहे, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचं, वर खसखस ओतायची आणि दांडा फिरवत राहायचं. खालून ओलसर, राखाडी, लोण्यासारखा वास येणारा चुरा पडतो. मिक्सरमध्ये खसखस नुसती उडते, दळली जात नाही, हे करंजीचं सारण केलेल्या कुणालाही सांगायला नको. दांडा फिरवायला जोर लागतो, म्हणून ते काम माझ्याकडे. त्या दूध-साखर उकळत होत्या. अर्ज मी मुद्दाम बाहेर काढला नाही. फक्त विचारलं, "आजी, घराचा नंबर आठवतो का?"

नंबर आठवत होता. गल्लीचं नावही. ते गल्लीचं नाव पुढे बदललं हे त्यांना १९७२ मध्ये कळलेलं होतं, तेही सांगितलं. मग हळूहळू बाकीचं निघालं. २६ ऑक्टोबर १९५६ ला गावात मोर्चा सरहद्द रक्षकांच्या बराकीकडे गेला आणि निःशस्त्र लोकांवर गोळीबार झाला. बुडापेस्टचा उठाव २३ तारखेचा, पण सर्वांत भीषण गोळीबारांपैकी एक या छोट्या गावात झाला, शंभराच्या आसपास माणसं गेली. आजींचा भाऊ त्या गर्दीत होता, तो वाचला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. भाऊ लगेच ऑस्ट्रियात गेला. आजी थांबल्या, कारण आई एकटी होती.

"मग निघालात कधी?"

"रात्री."

"तारीख?"

तारीख आठवेना. आठवली ती ही गोष्ट: आईचा नामदिन दोन दिवसांवर होता आणि आपण तो चुकवला. हंगेरीच्या कॅलेंडरात प्रत्येक नावाचा एक दिवस असतो, आणि वाढदिवसाइतकाच तो साजरा करतात. त्यांच्या आईचं नाव एर्झेबेत, तो दिवस १९ नोव्हेंबर. म्हणजे १७ तारीख. शिवाय त्या म्हणाल्या की शनिवार होता, आदल्या दिवशी पगार झालेला. नवऱ्याने तिथल्या तिथे मोबाइलवर १९५६ चं कॅलेंडर काढलं. १७ नोव्हेंबर, शनिवार. आजींनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या की मग तेच लिही.

त्या आंडाऊच्या पुलावरून गेल्या. सरहद्दीवरच्या कालव्यावरचा साधा लाकडी पूल. त्या हिवाळ्यात सुमारे ७० हजार माणसं त्यावरून ऑस्ट्रियात गेली आणि २१ नोव्हेंबरला सैन्याने तो उडवून दिला. आजी चार दिवस आधी गेल्या. सरहद्दीवरचे सुरुंग त्याच वर्षी काढून टाकलेले होते, नाहीतर एवढी माणसं जिवंत पोचलीच नसती. पुढच्या वर्षी पुन्हा पेरले. बोरूच्या बेटांतून चालताना पायाखाली बर्फाचा पातळ पापुद्रा फुटायचा, त्याचा आवाज फार मोठा वाटायचा, एवढं त्या म्हणाल्या. बरोबर काय घेतलं होतं? दोन पेट्या घेऊन कोण जातं, म्हणाल्या. अंगावर दोन झगे, एकावर एक, आणि कोटाच्या अस्तरात शिवणकामाचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला. जन्माचा दाखला घरीच राहिला. आईने सांगितलं होतं, तू कुठे जन्मलीस हे कुणी विचारणार नाही, काय काम येतं ते विचारतील.

हा शिवणकामाचा दाखला त्यांनी कपाटातून काढून दाखवला. घडीवर फाटलेला, पण त्यावर जन्मतारीख, जन्मगाव आणि आईचं जन्मनाव, तिन्ही होतं. आमच्या फाइलमधला सगळ्यात उपयोगी कागद हाच ठरला. सांगायचं हे की जुने कागद बघताना फक्त जन्म-मृत्यू-लग्न शोधत बसू नका. शाळेचा, सैन्याचा, कामाचा, बाप्तिस्म्याचा, जो असेल तो काढा. हंगेरीत नागरी जन्मनोंदणी ऑक्टोबर १८९५ पासून आहे, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत.

आजींचं कॅनडातलं आगमन सिद्ध करायची तशी सक्ती नव्हती, पण त्यांच्या नावाची स्पेलिंगं इतकी वेगवेगळी होती की एक दुवा हवा होता. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे माहिती अधिकारासारखा अर्ज केला. फी ५ डॉलर. व्यक्ती हयात असेल तर तिचं संमतीपत्र जोडायचं. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं, मुदतवाढ मिळू शकते, आम्हाला मिळाली. म्हणजे त्यांना मिळाली, आम्ही थांबलो. वसंतात एक पीडीएफ आला. ऑस्ट्रियातल्या ट्राइसकिर्खेनच्या छावणीतून, मग बोटीने न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉन बंदरात, फेब्रुवारी १९५७. त्या दोन-तीन वर्षांत कॅनडाने सुमारे ३७ हजार हंगेरियन घेतले, त्यातल्या एकीचं हे कार्ड. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, तर इथल्या कारकुनाने नावाचं आडनाव केलेलं, आणि स्वरांवरच्या रेघा सगळ्या गळालेल्या. व्यवसायापुढे मात्र स्वच्छ अक्षरात 'शिवणकाम'.

जन्मगावाचाही घोळ होता. मोशोन आणि मग्यारोवार ही दोन गावं १९३९ मध्ये एक झाली. आजींचा जन्म १९३७ चा, म्हणजे त्यांची नोंद मग्यारोवारच्या वहीत. कॅनडाच्या एका कागदावर नुसतं मोशोन, दुसऱ्यावर जोडनाव. आम्ही सगळीकडे जुनं नाव आणि पुढे आजचं नाव, असं दोन्ही लिहिलं. कुपवाडमध्ये जन्म आणि कागदावर सांगली, असा प्रकार आमच्याकडे असल्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

ओंटारियोचे दाखले हे या सगळ्यात सोपं काम. ऑनलाइन अर्ज, कार्डाने पैसे, पोस्टाने घरी. एकच लक्षात ठेवा: पाकिटात मावणारा छोटा जन्मदाखला चालत नाही, आईवडिलांची माहिती असलेली मूळ नोंदीची प्रमाणित प्रत लागते. जन्माची ३५ डॉलर, लग्नाची २२. आजोबांचा मृत्यूचा दाखला होताच. इंग्रजी कागदांची हंगेरियन भाषांतरं आम्ही एका अनुभवी भाषांतरकाराकडून करून घेतली, पानागणिक पैसे. लागतात की नाही आणि कुणाची चालतात हे आधी लेखी विचारा, कारण खर्चाचा मोठा भाग इथेच जातो.

कॉन्सुलेटमध्ये स्वतः जावं लागतं. वेळ ऑनलाइन घ्यायची, आणि ती लवकर मिळत नाही. मी रोज सकाळी चहाबरोबर ती वेबसाइट उघडायचे. जून २०२३ मधली एक सकाळ मिळाली. टोरंटोतलं कार्यालय ब्लूर स्ट्रीट ईस्टवर, आजी वॉकर घेऊन, त्या दिवशी गडद निळा सूट आणि लिपस्टिक. अर्ज हंगेरियनमध्येच भरलेले होते, आजींनी प्रत्येक ओळ स्वतः तपासली होती आणि माझ्या अक्षरातला एक ő तीन ठिकाणी सुधारला होता.

खिडकीपलीकडचा तरुण अधिकारी आजींना बघून उभा राहिला आणि म्हणाला, "केझेत चोकोलोम." तुमच्या हाताचं चुंबन घेतो, असं वयस्क बाईला म्हणायची तिकडची जुनी रीत. आजींनी मान हलवली, जणू हे अपेक्षितच होतं. मग त्याने एकेक कागद घेतला. आईचं जन्मनाव विचारलं. आजींनी सांगितलं. हंगेरीत लग्न झाल्यावर बाईने नवऱ्याचं पूर्ण नाव घेऊन शेवटी 'ने' लावायचं अशी पद्धत होती, त्यात तिचं स्वतःचं नाव कुठेच उरत नाही. आजींच्या आईची सगळी सरकारी पत्रं तशाच नावाने आलेली. पण जन्म-दप्तरात ते चालत नाही, तिथे तिचं मूळ नावच लागतं. तो अधिकारी टाइप करत होता आणि आजी एकेक अक्षर सांगत होत्या.

त्या दिवशी तीन गोष्टी एकदम दिल्या: आजींच्या जन्मनोंदीच्या उताऱ्याची मागणी, त्यांच्या १९६० च्या टोरंटोतल्या लग्नाची हंगेरीत नोंद, आणि आजी व सासूबाईंचे प्रमाणपत्राचे अर्ज, सासूबाईंच्या जन्मनोंदीसह. हंगेरियन नागरिकाचं परदेशातलं जन्म-लग्न तिथल्या दप्तरात नोंदवावं लागतं आणि तेही मोफत असतं. सगळं बुडापेस्टला जातं. नवऱ्याचा अर्ज नंतरच्या वेळेसाठी ठेवला, कारण त्याचं लग्न माझ्याशी झालेलं होतं आणि ते लग्न सांगलीत होतं.

आता सांगली. आमचं लग्न २०१४ मध्ये विशेष विवाह कायद्याने झालेलं, ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, विवाह अधिकाऱ्याचा शिक्का. दाखला व्यवस्थित. कॉन्सुलेटने त्यावर अपोस्टिल मागितलं, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार लावतं ते प्रमाणीकरण. त्यासाठी दाखला आधी राज्य सरकारकडून साक्षांकित करावा लागतो, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये, पण काम एजन्सीमार्फत करावं लागतं आणि तिचे पैसे वेगळे. बाबांनी मुंबईला जाणाऱ्या चुलतभावाबरोबर कागद पाठवला. अपोस्टिलचं स्टिकर मूळ कागदाच्या मागे चिकटवतात, म्हणून दाखला लॅमिनेट केलेला असेल तर आधी नवी प्रत काढून घ्या. आपल्याकडे जपून ठेवायचं म्हटलं की लॅमिनेशन, त्यामुळे मुद्दाम सांगते.

त्यापेक्षा मोठी अडचण माझ्या आईच्या नावाची निघाली. अर्जात वधूच्या आईचं जन्मनाव हवं. माझ्या पासपोर्टवर आईचं सासरचं नाव. लग्नात तिचं पहिलं नावही बदललेलं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून. राजपत्रात वगैरे १९८० च्या दशकात कोण देत होतं? तिच्या जन्मनावाचा एकमेव पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, तो मिरजेला मामाच्या ट्रंकेत. मामाने तो शोधला, त्यावर आईचं माहेरचं पूर्ण नाव होतं, आणि दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र तिने करून दिलं. तेव्हा १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये तोच ५०० चा झाला. फोनवर आई म्हणाली, "एवढ्या वर्षांनी माझं ते नाव कुणाला हवंय?" बुडापेस्टला, म्हटलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचा नियम झाला, तो वाचून मला सगळ्यात आधी हा अर्जच आठवला. त्या नियमातही आईचं सासरचंच नाव जाणार बहुधा.

मग थांबणं. २०२३ चा उन्हाळा गेला, दिवाळी गेली, पुन्हा बेयग्ली झाली. स्थिती विचारायला ईमेल केला की 'प्रक्रिया सुरू आहे' एवढं उत्तर यायचं, आणि खरंच ती सुरू असायची. या काळात आजी पडल्या, मनगट मोडलं, फेब्रुवारीत प्लास्टर निघालं. मला आतून धास्ती होती, ती घरात कुणी बोलून दाखवली नाही. सासूबाईंनी एकदा अप्रत्यक्षपणे विचारलं की मध्येच काही झालं तर अर्जाचं काय होतं. आमच्यापुरतं सांगायचं तर सासूबाईंचा अर्ज स्वतंत्र होता, पण आजींच्या तोंडून आलेली माहिती दुसरं कुणी देऊ शकलं नसतं. घरात असं वयस्क माणूस असेल तर अर्ज पुढच्या वर्षी करा हवं तर, माहिती या आठवड्यात विचारून ठेवा.

मे २०२४ मध्ये कॉन्सुलेटचा ईमेल आला. प्रमाणपत्र म्हणजे एक साधा कागद, शिक्का, सही. आजींनी चष्मा लावून पूर्ण वाचला, आईचं नाव बरोबर आहे का ते बघितलं, आणि मग विचारलं, "पासपोर्ट कधी?"

पासपोर्टसाठी पुन्हा वेळ, पुन्हा ब्लूर स्ट्रीट, सप्टेंबरात. फोटो तिथेच काढतात. बोटांचे ठसे मात्र उठेनात. साठ वर्षं सुई, कापड आणि कात्री, त्यात वय, यंत्राला बोटावर रेघच सापडत नव्हती. अधिकाऱ्याने ओला टिश्यू दिला, बोटं चोळायला सांगितली, हात झटकायला सांगितलं, एकेक बोट बदलून बघितलं. शेवटी एका बोटाचा ठसा कसाबसा धरला गेला. वयस्कांना नेणार असाल तर घरून निघताना हाताला साधं मॉइश्चरायझर लावा आणि तिथे पोचल्यावर पुसून टाका, असं नंतर आम्हाला एका परिचारिकेने सांगितलं. मुदत पाच वर्षांची हवी की दहा, असं त्याने विचारलं. सत्त्याऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "दहा. पुन्हा कोण येणार इथे!"

नवऱ्याचं आणि आमच्या लग्नाचं प्रकरण त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर निकाली निघालं, लेकीचं फेब्रुवारीत. तिथल्या दप्तरात तिचं मराठी नाव जसंच्या तसं, फक्त आडनाव आधी. माझ्यासाठी वाट वेगळी आहे: हंगेरियन नागरिकाशी लग्नाला दहा वर्षं, किंवा पाच वर्षं आणि एक मूल असेल तर अर्ज करता येतो, पण भाषा हवीच. नवऱ्याने सोडलेले मोबाइलवरचे धडे सध्या मी करते आहे. नामाला अठराच्या आसपास विभक्ती आहेत. सातवीतलं संस्कृत त्यापुढे बरं वाटू लागलं आहे.

आजींनी पासपोर्ट आल्यावर पहिलं काम काय केलं तर मतदार म्हणून नाव नोंदवायला लावलं. हंगेरीत राहण्याचा पत्ता नसलेल्या नागरिकांना टपालाने मत देता येतं, फक्त पक्षांच्या यादीला, मतदारसंघातल्या उमेदवाराला नाही. त्यासाठी निवडणूक कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, तो ऑनलाइन होतो. त्यानंतरची संसदीय निवडणूक २०२६ ची. त्या हंगेरीत होत्या तोवर मोकळी निवडणूक एकदाच झाली, १९४५ मध्ये, आणि तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. मत कुणाला ते सांगत नाहीत. सासूबाईंनी दोनदा विचारून पाहिलं, तर म्हणाल्या की मतदान गुप्त असतं, तुला शाळेत शिकवलं नाही का.